बिनक्लचची ॲम्बेसेडर

चहा घ्या, बिस्किट घ्या, पण आधी एक कबूल करा. मधात हसायचं नाही. हसाल तर मी इथंच थांबतो, मग पुढचं गल्लीत कोणालेही विचारून घ्या. सगळ्याईले पाठ आहे. फक्त त्यांच्या सांगण्यात मी जरा जास्तच मूर्ख दिसतो. माझ्या सांगण्यात थोडा कमी दिसतो, एवढाच फरक.

तर आमच्या घरी एक ॲम्बेसेडर आहे. पांढरी, गोल बुडाची. बाबांनी सरकारी निलावात घेतली होती. समोरची सीट म्हणजे अख्खा सोफा, अन् गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगच्या बाजूले. ही गाडी बाबांनी माझ्या मोठ्या बहिणीले, म्हणजे ताईले शिकवली. मले नाही शिकवली. मले सायकल शिकवली. मी गाडी चालवतो ती आपली अशीच, पाहून पाहून शिकलेली.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. त्या काळात ती ॲम्बेसेडर चालवत शाळेत जायची अन् रस्त्यावरचे बैलगाडीवाले गाडी बाजूले घेऊन पाहत राहायचे. आता वय अडुसष्ट, राहते इथंच, माझ्याजवळ. दोन वर्षांमागं डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालते, जिना चढते, पण आमच्या गाडीचा क्लच? तो दाबायले पाय नाही, पहेलवान लागते! ताईनं गुपचूप चावी माझ्या हातात देल्ली.  पण त्या दिवशी जेवली पण नाही.

मी काय करतो ते सांगायचं राहिलं. सदतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधे असिस्टंट होतो. रिटायर झालो, पण लॅब डोक्यातून गेली नाही. कोणतीही वस्तू दिसली की मले वाटते, ही आतून कशी असेल? मग मी विचारतो. अन् समोरच्याचं उत्तर अर्ध्यावर आलं की मले दुसरा प्रश्न सुचते. लग्न नाही केलं. ताई म्हणते, "पोरीवाल्याईले बोलू देल्लं असतं त झालं असतं!"

तर गेल्या वर्षी ताईच्या पोरीले, पल्लवीले, दुसऱ्यांदा दिवस गेले. ती सासरी, मौद्याले, नागपूरहून तासाभराच्या रस्त्यावर. तिच्या सासऱ्यानं, म्हणजे आमच्या इवायानं, ताईले फोन केला. माणूस चांगला आहे, पण प्रेमानं बोलता बोलता चिमटा काढायची खोड आहे त्याले.

"ईनबाई, दुसरं बाळंतपण आहे, आमच्याकडेच होऊ द्या. बारशाले मी गाडी पाठवतो. ड्रायव्हर पाठवतो. आता तुमचं स्टिअरिंग धरायचं वय राहिलं नाही. मागं बसायचं अन् हवा खायची!"

ताई म्हणाली, "बरं." फोन ठेवला. अन् माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी बारशाले जाईन त स्वतः गाडी चालवत जाईन. नाही त जाणार नाही. ऐकून राहिला न गा?"

आता नातवंडाच्या बारशाले आजी नाही म्हणजे? पण ताई बोलली की बोलली. तिच्या शाळेत इन्स्पेक्टरही तिले घाबरायचा. अन् खरं सांगू? मले पण वाईट वाटलं. मीच तिच्या हातातून चावी घेतली होती न!

मी छाती काढून म्हटलं, "ताई, तुझा डावा पायच लागणार नाही अशी गाडी करून देतो. ऑटोमॅटिक!"

"आपल्या ॲम्बेसेडरले?"

"आपल्याच ॲम्बेसेडरले!"

झालं! आठ महिने मले झोप नाही की भूक नाही. ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय? गिअर बदलते कोण? त्याले कसं समजते की आता दुसरा टाकायचा? क्लच नाही तर इंजिन अन् चाकं एकमेकाले धरतात कसे? मी दिसेल त्याले विचारू लागलो. दात दाखवायले गेलो त डेंटिस्टले विचारलं, कारण त्याची गाडी ऑटोमॅटिक होती. तोंडात चिमटा असताना विचारलं.

अन् समजलं तेव्हा काय आनंद झाला म्हणता! मी हॉलमधे दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले अन् अर्धी गल्ली बोलावली. एक पंखा चालू केला, दुसऱ्याचा प्लग काढून ठेवला. पहिल्याच्या हवेनं दुसरा आपोआप फिरायले लागला!

"पाहा! एकमेकाले हात नाही लावला, तरी फिरून राहिला! गाडीत हवेच्या जागी तेल असते. याले म्हणतात टॉर्क कन्व्हर्टर."

समोरच्या वर्षा वहिनी बसल्या होत्या. त्या स्वतः ई-रिक्षा चालवतात, त्यांना यंत्राची आवड. त्या म्हणाल्या, "भाऊजी, अन् ते तेल ढकलते कोण?"

"शाब्बास वहिनी! त्याले एक पंप असते. पंप चालते इंजिनवर. इंजिन फिरलं की पंप, पंप फिरला की तेलाचा दाब, दाब आला की गिअर धरते. इंजिन बंद, तर सगळं बंद!"

काय टाळ्या पडल्या त्या दिवशी! हे वाक्य मी बोललो. मी स्वतः, माझ्या तोंडानं, माझ्याच हॉलमधे, चाळीस माणसांसमोर.

मग प्रश्न आला, कोणता टाकायचा? ऑटोमॅटिकमधेही बाप्पा किती जाती! एक चार गिअरवाला, त्याले कंप्युटर लागते. एक बिनगिअरचा, त्यात पट्टा असते. अन् एक जुना तीन गिअरवाला, नुसता तेलावर चालणारा. मी एक वही केली अन् आमच्या मेकॅनिकसमोर, सलीमभाईसमोर ठेवली. सलीमभाईनं वही उघडलीच नाही.

"भाईजान, कंप्यूटरवाला मत लो. इस गाडी ने आज तक कंप्यूटर देखा नहीं. घबरा जाएगी."

"मग तीनवाला?"

"तीनवाला. बिगडा तो मैं खोल तो सकूँगा."

मग आम्ही नागपुरातच, जरीपटक्यात गेलो. तिथं जुन्या पार्टच्या दुकानात जपानी गाड्यांतून निघालेले गिअरबॉक्स पोत्याखाली झाकून ठेवले होते. सलीमभाईनं एकाची तेल मोजायची दांडी काढली, तेलात बोट बुडवलं, नाकाले लावलं. "जला हुआ." दुसरा, "ये भी जला हुआ." मले पण वास घ्यायचा होता. घेतला. जळलेल्या तेलाले खरंच करपलेल्या फोडणीचा वास येते! तिसऱ्याचं तेल मात्र लालसर, स्वच्छ. मी ते बोट किती वेळ हुंगत बसलो होतो, दुकानदारानं शेवटी विचारलं, "साहब, तबियत ठीक है?"

आणला. आता बसवायचा कसा? आमच्या इंजिनची भोकं वेगळी, याची वेगळी. लेथवर मधातली जाड प्लेट करून घेतली. मागचा फिरणारा दांडा लांब झाला, तो कापून आखूड केला. गाडीच्या पोटातला पत्रा कापला. क्लचचा पायटा, म्हणजे पेडल, काढून टाकला. आरटीओच्या कागदांची गोष्ट इथं काढत नाही, ती काढली त चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागेल.

ताईची एकच अट होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळच पाहिजे. सलीमभाई म्हणे, खाली टाकणं सोपं. ताई म्हणाली, "समोर तिघं बसतात. मधात दांडा आला त तिसऱ्या माणसाले कुठं बसवू, डोक्यावर?" सलीमभाईनं कपाळाले हात लावला अन् दांडा वरच ठेवला. मग ताईनं इंग्रजी अक्षरं पुसली अन् बारीक ब्रशनं आपल्या मास्तरणीच्या अक्षरात लिहिलं. थांब. मागं. मोकळं. चाल.

या सगळ्यात पल्लवीचे नऊ महिने भरले, बाळ आलं, पण माझा गिअरबॉक्स काही बसून बाहेर येईना! पोरगी झाली. बारशाचा रविवार ठरला. अन् शनिवारी दुपारी सलीमभाईचा फोन, "ले जाओ."

गॅरेजमधे इंजिन चालूच होतं. एखाद्या मांजरीसारखी गुरगुरत होती गाडी. सलीमभाई म्हणाला, "भाईजान, एक बात बतानी है. आपकी बैटरी..."

"सलीमभाई, आधी हे सांगा, एकदम ॲक्सिलेटर दाबला तर खालचा गिअर कसा काय पडते?"

त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "वो बैटरी का..."

"अन् चढावर?"

त्यानं चढावरचंही सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं तेव्हा मी बसून, दांडा चालवर टाकून निघालोही होतो. आरशात दिसला मले तो. हातवारे करून राहिला होता. मले वाटलं, टाटा करून राहिला. मी पण केला.

आता बॅटरीचं सांगतो. आमच्या गाडीची बॅटरी चार वर्षांपासून मेलेली. मग गाडी चालू कशी व्हायची? धक्क्यानं! मनीषनगरात आमच्या गल्लीची ही रोजची पद्धत. हॉर्न वाजवायचीही ताकद बॅटरीत नाही, म्हणून मी रस्त्यावर येऊन टाळी वाजवायचो. इस्त्रीवाला इस्त्री उभी ठेवून येणार, दोन-चार जण चहाचा कप गेटवर ठेवून येणार, पाच माणसं ढकलणार, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडणार, गाडी ठसका देऊन चालू. नवीन बॅटरी घ्यावी असं कोणाच्या मनातही येत नव्हतं. उलट दोन दिवस मी टाळी नाही वाजवली त लोकं विचारायचे, तब्येत बरी आहे न?

रविवार उजाडला. ताई तयार होऊन बाहेर आली. मोरपंखी साडी, चष्म्याले दोरी, पायात कॅनव्हासचे बूट. स्टिअरिंगवर हात ठेवून दोन मिनिटं नुसती बसली. काय चेहरा होता तिचा! 

तिनं चावी फिरवली.

टिक.

"काही नाही ताई, रोजचंच आहे," मी म्हटलं, अन् रस्त्यावर येऊन टाळी वाजवली.

गल्ली धावली. आज त बारसं म्हणून जास्तच जोरात धावली. "दांडा चालवर टाक अन् चावी चालू ठेव!" मी ताईले ओरडलो. धक्का बसला. गाडी निघाली. ठसका नाही, हुंकार नाही. गल्लीचं टोक आलं.

"वेग कमी पडते!" मी म्हटलं. अजून चार जण आले. दूधवाला आला. मॉर्निंग वॉकवाले दोन काका आले, ते ढकलत कमी होते अन् सल्ला जास्त देत होते. आता गाडी मोठ्या रस्त्यावर. अन् गंमत पाहा, गाडी कधी नव्हे इतकी हलकी जात होती! पहिले दुसऱ्या गिअरमधे कशी दम काढायची! आज लोण्यावरून सुरी जावी तशी.

"पाहा!" मी धापा टाकत सगळ्याईले सांगितलं, "किती सुळसुळीत! हाच त ऑटोमॅटिकचा फायदा आहे!"

चौक आला. चौक गेला. तेल थंड आहे, मी म्हटलं. मग म्हटलं, नवीन आहे, जरा अंग मोकळं होऊ द्या. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "भाऊ, इस्त्री चालू राहिली आहे, अजून किती?" काकांपैकी एक म्हणाले, ट्रॅक्टर बोलवा. ताई आतून शांतपणे स्टिअरिंग सांभाळून राहिली होती. तिनं खिडकीतून मान काढली.

"कारे, असंच मौद्यापर्यंत जायचं आहे का?"

तेवढ्यात समोरून वर्षा वहिनींची ई-रिक्षा आली. त्यांनी ब्रेक लावला अन् आमची दिंडीभर माणसं पाहून खाली उतरल्या.

"भाऊजी, काय होऊन राहिलं हे?"

"धक्का मारून राहिलो वहिनी. चालू होत नाही."

"पण भाऊजी..." त्या जरा घुटमळल्या. मोठ्या माणसाले चारचौघात कसं बोलावं! "तुम्हीच त पंख्याच्या दिवशी सांगितलं होतं न? इंजिन फिरलं की पंप, पंप फिरला की दाब. इंजिन बंद तर सगळं बंद. मग चाकं कितीही फिरवले, इंजिनले धरून फिरवणार कोण?"

 चौदा माणसांनी एकाच वेळी गाडीवरचे हात काढले. दूधवाल्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी या जन्मी विसरणार नाही. आठ महिने मी ऑटोमॅटिक शिकलो, सगळ्या गल्लीले शिकवलं, अन् शिकलं कोण? वर्षा वहिनी!

मले जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण ताई म्हणाली, "लाजायचं नंतर पाहू. बारा वाजता पाळणा आहे."

वहिनींनी आपल्या रिक्षाची सीट उचलली. खाली चार मोठ्या बॅटऱ्या. एका बॅटरीवरून दोन वायरी आमच्या बॅटरीले लावल्या. "ताई, दांडा आधी थांबवर आणा. हं, आता फिरवा."

गाडी पहिल्या झटक्यात चालू! लोकांनी टाळ्या वाजवल्या, वहिनींसाठी. वायरी काढता काढता त्या मले म्हणाल्या, "भाऊजी, आता बंद नका करू बरं. बंद केली त पुन्हा हेच."

अन् मग ताई निघाली! काय सांगू? सिग्नलवर थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली, गाडी एकदाही बंद पडली नाही. भंडारा रोडले लागलो तशी ताई मोठ्यानं हसली. दोन वर्षांत मी तिले असं हसताना पाहिलं नव्हतं.

"डावा पाय बेकार बसून राहिला गा! याले काही काम सांग!"

मौद्याले इवाई दारातच उभे होते. पांढरी गाडी वळली, मांडवासमोर आली, ताईनं दांडा मागंवर टाकला अन् एका झटक्यात गाडी रस्त्याकडे तोंड करून लावली. इवायाच्या हातातली गुलाबपाण्याची दाणी तशीच वाकडी राहिली अन् त्यांच्या स्वतःच्याच चपलेवर पाणी सांडून राहिलं. शेवटी त्यांनी हात जोडले. "ईनबाई, चुकलो."

ताई उतरली. पदर सावरला. राणीसारखी आत गेली.

मी मात्र आत जाऊ शकत नव्हतो. इंजिन बंद करायचं नाही न! चालू गाडी सोडून जायची कशी? बसलो. बॉनेट उघडलं. अन् ॲम्बेसेडरचं बॉनेट उघडलं की माणसं येतातच. दहा-बारा जमले. मी सुरू झालो. दोन पंखे, तेल, पंप, दाब.

एक निळ्या शर्टवाले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, पण गाडी बंद काहून नाही करत तुम्ही?"

"चांगला प्रश्न आहे! पण आधी टॉर्क कन्व्हर्टर समजून घ्या."

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "बॅटरीचा काही..."

"बॅटरीवर येतोच! आधी तिसरा गिअर."

आतून पाळण्याचं गाणं ऐकू आलं. मग माईक किंचाळला, इवायानं नातीचं नाव पुकारलं, पण इंजिनच्या आवाजात मले ते समजलंच नाही. माझं ताट आलं, तेव्हा बॉनेट पाडून गाडीतच बसलो. बासुंदी मी स्टिअरिंगवर वाटी ठेवून खाल्ली. वाईट वाटत होतं थोडं, पण ऐकणारे बहुत चांगले भेटले होते.

दोन तासांनी ताई बाहेर आली. "अरे, तू अजून इथंच? आत येऊन पोरीले पाहिलं पण नाही?"

"बॅटरी नाही न ताई. बंद कशी करू?"

निळा शर्टवाला पुढं आला. बिचाऱ्याचा चेहरा रडवेला झाला होता. "मॅडम, मी दोन तासांपासून हेच सांगून राहिलो यांना. समोरचं दुकान माझं आहे. बॅटरीचंच."

मी वर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे दुकान, अर्धं शटर, अन् बाहेर बॅटऱ्यांची रांग. ताईनं गाडी रस्त्याकडे तोंड करून लावली होती. म्हणजे दोन तास मी त्याच दुकानाकडे पाहत बासुंदी खाल्ली होती!

दहा मिनिटांत नवीन बॅटरी बसली. मी धावत आत गेलो. मांडव सोडणं चालू होतं, पाळण्याचे फुगे पोरांनी फोडले होते, पोरगी गाढ झोपलेली. इवायानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, ईनबाई गाडी चालवत आल्या हे समजलं. पण तुम्ही कायले आले होते?"

मी तिथून सरकलो. ताईले हळूच विचारलं, "नाव काय ठेवलं वं पोरीचं?"

"रस्त्यानं सांगते," ताई म्हणाली. "एकच अट आहे. नागपूर येईपर्यंत तू तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काढला त नाव सांगणार नाही."

आता तुम्हीच सांगा, ही काय अट आहे? मी लहान पोरगा आहे का? मी मान हलवली. बसलो. ओठ मिटून, हात मांडीवर. ताईनं चावी फिरवली, एका झटक्यात चालू, चाल. मौदा मागं पडलं. पहिला गिअर. मग दुसरा, इतका अलगद की काय सांगू. मी जीभ दाताखाली धरली. गावालगतचा कन्हान नदीचा पूलही आला नव्हता, अन् तिसरा पडला.

"ताई! जाणवलं तुले? जाणवलं का?"

ताई फक्त समोर पाहून हसली.

नातीचं नाव मले बुधवारी समजलं. गल्लीतल्या सगळ्याईले सोमवारीच माहीत होतं.